शेजारच्या राज्यात बिऱ्हाड नेताना

कोल्हापूर सोडून अन्यत्र स्थायिक होऊ पाहणाऱ्या कुटुंबांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. मात्र अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकाच राज्याचे नाव आहे, आणि ते म्हणजे कर्नाटक. कागल ओलांडले की अर्ध्या तासात निपाणी लागते, सौंदत्तीच्या यल्लम्माला आपल्या घरातले कोणी ना कोणी जाऊन आलेले असते, आणि जोतिबाच्या डोंगरावर कानडी बोलणारे भाविक आपण लहानपणापासून पाहत आलेलो असतो. त्यामुळे हे राज्य आपल्या परिचयाचे आहे, असे आपण गृहीत धरतो. यात्रेला जाऊन येणे आणि बिऱ्हाड घेऊन जाणे यांत किती अंतर आहे, हे पत्रांतील प्रश्नांवरूनच दिसते. निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : मुलाला कर्नाटकात नोकरीचे दोन पर्याय आहेत, एक हुबळीत आणि दुसरा बंगळुरात. आम्ही दोघे निवृत्त असून त्याच्याबरोबरच जाऊन राहण्याचा विचार आहे. या राज्याविषयी प्राथमिक माहिती द्यावी. (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : कर्नाटकाचे क्षेत्रफळ १,९१,७९१ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण तीन-पंचमांश आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ६ कोटी ११ लाख होती. जिल्हे ३१ आहेत; त्यांतील शेवटचा विजयनगर हा बळ्ळारीतून वेगळा काढून २०२१ मध्ये अस्तित्वात आला. विधानसभेच्या जागा २२४ असून आपल्याप्रमाणेच तेथेही विधान परिषद आहे. ही माहिती कोणत्याही वार्षिकीत सापडते. आपला निर्णय ज्यावर अवलंबून राहील, ती माहिती मात्र थोडी जुनी आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेनुसार हे राज्य ‘म्हैसूर’ या नावाने आजच्या आकारात आले आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याचे नाव ‘कर्नाटक’ झाले. जुन्या म्हैसूर संस्थानाच्या प्रदेशाला तेव्हा चार बाजूंनी चार तुकडे जोडले गेले : मुंबई राज्यातून बेळगाव, विजापूर, धारवाड आणि उत्तर कन्नड, निजामाच्या हैदराबाद राज्यातून गुलबर्गा, रायचूर आणि बिदर, मद्रास राज्यातून प्रामुख्याने दक्षिण कन्नड, आणि चौथे म्हणजे कूर्ग हे छोटे राज्य. हे सांधे आजही दिसतात. हैदराबादकडून आलेला भाग आणि त्याला लागून असलेले बळ्ळारी यांसाठी राज्यघटनेत ३७१-जे हे कलम घालण्यात आले असून तेथील सात जिल्ह्यांतील रहिवाशांना नोकरी व शिक्षणात स्थानिक आरक्षण आहे. मुंबई राज्यातून गेलेल्या भागात जमिनीचे गुंठे, सिटी सर्व्हेचे नंबर, साखर कारखाना आणि सोसायटीचे राजकारण हे सारे आपल्याला ओळखीचे वाटते. बंगळुरात मात्र यांतले फारसे काही ओळखीचे भेटत नाही.

म्हणून हुबळी आणि बंगळूर हे आपल्यासाठी एकाच राज्यातील दोन पर्याय नसून जवळजवळ दोन वेगळी स्थलांतरे आहेत. हुबळी-धारवाडला राहिलात, तर पुणे-बंगळूर महामार्गाने सकाळी निघून दुपारच्या जेवणाला कोल्हापुरात पोहोचता येते. जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भरली वांगी आहेतच. आणि दुकानदार पहिल्या वाक्यानंतर बहुधा मराठीत किंवा हिंदीत उत्तर देतो. बंगळूर कोल्हापूरपासून सुमारे ६०० किलोमीटरवर आहे. रात्रीची बस किंवा मिरजेहून मिळणारी राणी चेन्नम्मा एक्सप्रेस हाच सर्वसाधारण मार्ग.

हवामानाच्या बाबतीत मात्र बंगळूर उजवे ठरते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील उन्हाळा सुसह्य आहे. पाऊस जूनपेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अधिक जोर धरतो, याची सवय करावी लागते. विजापूर, गुलबर्गा, रायचूर या बाजूला एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. सह्याद्रीच्या माथ्यावर, ज्याला तेथे मलनाड म्हणतात, आगुंबे येथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ज्यांना गगनबावड्याचा पाऊस सोसतो, त्यांनीही तेथे पावसाळ्यात एकदा राहून पाहावे आणि मगच घर बघावे.

बंगळुराच्या पाण्याबद्दल एक सूचना. शहराला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. बाहेरच्या भागांसाठीचा कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्याआधी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अनेक वसाहती टँकरवर होत्या. थेट पाइपलाइनची वाट पाहण्यात ज्यांची वर्षे गेली, त्या कोल्हापूरकरांना अधिक सांगण्याची गरज नाही. घर पाहताना कावेरीच्या पाण्याची जोडणी आहे की केवळ बोअरवेल, हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारावा.

शेवटी माझे मत विचाराल, तर आपले वय आणि येण्या-जाण्याची गरज लक्षात घेता, पगारात फार मोठा फरक नसल्यास हुबळी. खटल्या-दाव्यांची कामे असतील तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ धारवाडलाच आहे. २००८ मध्ये ते फिरते खंडपीठ म्हणून सुरू झाले आणि २०१३ मध्ये कायम झाले. आपल्याकडे सर्किट बेंच सुरू व्हायला १८ ऑगस्ट २०२५ हा दिवस उजाडावा लागला, हे जाता जाता.

प्रश्न : माझी बदली बेळगावला होत आहे. मुलगी यंदा सातवीत आहे आणि मुलगा चौथीत. कन्नड सक्तीची आहे का? पुढे अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेशाला अडचण येईल का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा असून बहुतेक पालक तो बारावीच्या वर्षी विचारतात, आपण आताच विचारलात, हे चांगले झाले.

आधी भाषा. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानुसार शाळांमध्ये कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक करण्यात आले आणि २०१७-१८ पासून पहिलीच्या वर्गापासून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. चौथीतला मुलगा वर्षभरात लिपी उचलेल. मुलीला मात्र आठवीत थेट कन्नडचे पाठ्यपुस्तक हाती येईल, तेव्हा आताच्या सुट्टीत मुळाक्षरे आणि बाराखडी करून घ्यावी. वर्णक्रम आपलाच असल्याने अक्षरांची वळणे वेगळी आहेत एवढेच. ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ व ‘ओ’ यांतील भेद तेवढा नवा असतो. बेळगाव शहरात आणि परिसरात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, परंतु आपल्या मुलांचे माध्यम सध्या कोणते आहे, ते आपण कळवलेले नाही. दहावीच्या परीक्षेला तेथे एसएसएलसी आणि अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात.

आता प्रवेश. कर्नाटकातील सरकारी कोट्याच्या जागांवर प्रवेश देणाऱ्या केसीईटी (राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा) प्रक्रियेत सर्वसाधारण विद्यार्थ्यासाठी नियम असा आहे, की पहिली ते बारावी या काळात त्याची किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकातील मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयात झालेली असावीत. बोटांवर मोजून पाहा. मुलगी आठवीपासून तेथे शिकली, तर बारावीपर्यंत पाचच वर्षे भरतात. मुलगा पाचवीपासून गेला, तर आठ भरतात. म्हणजे सहावीत प्रवेश घेणारे मूल काठावर पार होते आणि सातवीत प्रवेश घेणारे मागे राहते. दुसरीकडे, महाराष्ट्रातील राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास आणि सर्वसाधारणपणे दहावी-बारावीही महाराष्ट्रातून असावी लागते. मुलीने दहावी आणि बारावी बेळगावात केली, तर ती दोन्हीकडच्या दारांबाहेर उभी राहण्याची शक्यता आहे, आणि हा धोका कोणीही आपल्याला शाळेच्या प्रवेशाच्या वेळी सांगणार नाही.

याला दोन अपवाद सीमाभागाने निर्माण केले आहेत. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील संस्थेतून दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झालेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रकार आहे. त्याचप्रमाणे कर्नाटकाच्या नियमांत सीमेपलीकडील काही तालुक्यांतील कन्नड मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी ठरावीक अटींवर तरतूद आहे आणि त्या यादीत जत, अक्कलकोट यांच्याबरोबर आपला गडहिंग्लज तालुकाही आहे. आपली मातृभाषा कोणती, हे पत्रावरून समजत नाही. परंतु यांपैकी एक वाट आपल्या मुलीला उपयोगी पडू शकते. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहून, शाळेचा दाखला आणि मातृभाषेची नोंद आताच तपासून ठेवावी. दाखल्यावरील ‘मातृभाषा’ हा रकाना रिकामा असेल, तर तो भरून घेण्यासाठी हीच वेळ योग्य आहे.

खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची कॉमेड-के ही परीक्षा सर्व राज्यांतील विद्यार्थ्यांना खुली आहे. शुल्क मात्र सरकारी कोट्याच्या तुलनेत बरेच अधिक असते.

प्रश्न : बंगळुरात घरमालक ‘लीज’वर घर देतो म्हणतो, भाडे नाही. हे खरे असते का? (एक वाचक, उचगाव)

उत्तर : खरे असते, आणि म्हणूनच जपावे लागते. कर्नाटकात, विशेषतः बंगळुरात, ‘लीज’ किंवा ‘भोग्य’ या नावाने एक व्यवहार चालतो : भाडेकरूने एकरकमी मोठी अनामत द्यायची, ठरलेली वर्षे घर विनाभाडे वापरायचे, आणि घर सोडताना अनामत जशीच्या तशी परत घ्यायची. घरमालकाला बिनव्याजी भांडवल मिळते आणि भाडेकरूचे भाडे वाचते. अडचण परतीच्या दिवशी येते. ती रक्कम घरमालकाने दुसऱ्या भाडेकरूकडून घेऊन द्यायची असते आणि तो मिळाला नाही, तर आपले पैसे अडकतात. घरावर बँकेचे कर्ज असेल, तर बँकेचा हक्क आपल्या आधी उभा राहतो. माझ्या एका नातेवाइकाला अनामत सुटण्यासाठी दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले. अशा व्यवहारात करार नोंदणीकृत असावा आणि सही करण्यापूर्वी मालमत्तेचे ‘ईसी’, म्हणजे बोजा आहे की नाही ते दाखवणारे प्रमाणपत्र, उपनिबंधक कार्यालयातून काढून पाहावे.

साध्या भाड्याच्या घरासाठीही बंगळुरात अनामत जास्त असते. एके काळी दहा महिन्यांचे भाडे हा दंडकच होता. आता त्यात घासाघीस होते, परंतु कोल्हापूरच्या हिशेबाने खिशात पैसे घेऊन गेल्यास कमी पडतील. करार सहसा अकरा महिन्यांचा, मुद्रांक कागदावर होतो. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदणी बंधनकारक आहे, तशी पद्धत तेथे नाही.

प्रश्न : एमएच-०९ क्रमांकाची मोटार धारवाडला न्यायची आहे. पुन्हा कर भरावा लागेल असे ऐकतो. (एक वाचक, कागल)

उत्तर : वाहन परराज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायचे असल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, असे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्ये म्हटले आहे. वर्षाच्या आत परत येणार असाल, तर कागदपत्रे आणि आपण केव्हा राज्यात आलात याचा पुरावा, जसे की टोलची पावती किंवा नोकरीवर रुजू झाल्याचे पत्र, गाडीत ठेवावे. मुक्काम लांबणार असल्यास कोल्हापूर आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन धारवाडला अर्ज करावा.

करही भरावा लागतो आणि तो लहान नाही. कर्नाटकाचा आजीवन कर देशातील सर्वाधिक करांपैकी एक आहे. नव्या मोटारीला किमतीनुसार १३ ते १८ टक्के आणि वर उपकर. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते. नवी नोंदणी झाल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या काळापुरता परतावा मागता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांतले निम्मे कंटाळून सोडून देतात. कंटाळू नये. नोकरी केंद्र सरकारची असेल, किंवा चार अथवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपनीत असेल, तर पुढची गाडी ‘भारत’ मालिकेतील क्रमांकाची घ्यावी. मग बदलीगणिक नोंदणी बदलण्याचा प्रश्न उरत नाही. गाडी दहा वर्षांहून जुनी असल्यास ती येथेच विकून जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : आमच्याकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे. तो कर्नाटकात चालेल का? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : राज्य सरकारच्या नोकऱ्या, शिक्षण आणि योजना यांसाठी चालणार नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय असतात, आणि स्थलांतर केलेल्या व्यक्तीला नव्या राज्यात आरक्षणाचा हक्क मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये दिला. जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असले, तरीही हेच लागू होते. महाराष्ट्रातील आपला हक्क आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतील हक्क मात्र स्थलांतराने जात नाही, म्हणून मूळ दाखला आणि वैधता प्रमाणपत्र जपून ठेवावे.

प्रश्न : कोल्हापुरी चपलांचे दुकान बेळगावात काढायचे आहे. (एक वाचक, सुभाष रोड)

उत्तर : मालाला तेथे ओळख करून देण्याची गरज नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांचे आहे : आपल्याकडील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. हे ऐकून आपल्याकडे काहींच्या भुवया उंचावतात, परंतु अथणीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले आहेत आणि आपली स्पर्धा त्यांच्याशी आहे. कर्नाटकासाठी जीएसटीची वेगळी नोंदणी घ्यावी लागेल. क्रमांकाच्या सुरुवातीला २७ ऐवजी २९ येईल. महापालिकेचा व्यापार परवानाही लागेल. पाटीवर किमान ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असणे २०२४ पासून कायद्याने आवश्यक आहे. रंगाऱ्याकडे जाण्यापूर्वी मजकूर एखाद्या कन्नड शिक्षकाकडून तपासून घ्यावा. चुकीच्या कन्नडची पाटी कन्नड नसलेल्या पाटीपेक्षा अधिक डोळ्यांत भरते.

प्रश्न : मी शेतकरी नाही. महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, पण खानापूरकडे घेता येते असे दलाल सांगतो. (एक वाचक, ताराबाई पार्क)

उत्तर : दलाल खोटे सांगत नाही. कर्नाटकाने २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातील ७९-ए आणि ७९-बी ही कलमे काढून टाकली. त्यामुळे बिगरशेतकऱ्याला आणि उत्पन्नाच्या मर्यादेविना शेतजमीन खरेदी करता येऊ लागली. कमाल धारणेची मर्यादा मात्र आहेच. दलाल जे सांगत नाही, ते असे : शेतजमीन घेतली म्हणजे तिच्यावर घर बांधण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडून बिनशेती करून घ्यावी लागते. तेथे जिल्हाधिकाऱ्यांना डीसी म्हणतात आणि या कामाला बोलीभाषेत ‘डीसी कन्व्हर्जन’. आपल्या सातबाराच्या जागी तेथे ‘आरटीसी’ किंवा ‘पहाणी’ असते आणि ती ‘भूमी’ या संगणकीकृत पद्धतीतून मिळते. उतारा कन्नडमध्ये असतो. मालकाचे नाव, क्षेत्र आणि बोजाचा रकाना स्वतःला वाचता येत नसेल, तर वाचून दाखवणारा माणूस आपला असावा, विकणाऱ्याचा नव्हे. खानापूर तालुक्यात जंगल बरेच आहे, तेव्हा गट वनहद्दीला लागून आहे का, हेही पाहावे.

प्रश्न : बेळगावात मराठी बोलले तर त्रास होतो का? (एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : बाजारात, शेजारात आणि मंदिरात होत नाही. सीमाप्रश्न खरा आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला असून ८६५ गावांवर आपला हक्क सांगितला आहे. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव साजरा करते, तर बेळगावातील मराठी भाषक काळा दिवस पाळतात. त्या दिवशी आणि विधिमंडळाच्या बेळगाव अधिवेशनाच्या काळात वातावरण तापते. एरवी कार्यालयात कन्नडची चार वाक्ये येणाऱ्याचे काम लवकर होते, हा सर्वांचाच अनुभव आहे. ‘बेकु’ म्हणजे हवे, ‘बेड’ म्हणजे नको, ‘एष्टु’ म्हणजे किती. आणि उत्तर कर्नाटकात वाक्याच्या शेवटी ‘री’ लावला की आदर व्यक्त होतो. अण्णा, अक्का आणि अप्पा आपण घरून घेऊनच जातो. अर्जांवर मात्र २०१४ मध्ये अधिकृत झालेली बेळगावी, विजयपुरा, कलबुर्गी, हुब्बळ्ळी हीच नावे लिहावीत. मनातली नावे मनात राहू द्यावीत.

प्रश्न : मुलगी लग्न होऊन धारवाडला गेली आहे. तिकडे बायकांना एसटी फुकट आहे म्हणते. मला जाता-येता ती सवलत मिळेल का? (एक वाचक, गांधीनगर)

उत्तर : मुलीला मिळेल, आपल्याला नाही. कर्नाटकाची ‘शक्ती’ योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे. राज्याच्या साध्या आणि जलद बसमध्ये, आलिशान गाड्या वगळून, महिलांना शून्य रकमेचे तिकीट मिळते, परंतु ओळखपत्रावर कर्नाटकाचा पत्ता असावा लागतो. मुलीने आधारवरील पत्ता बदलला नसेल, तर तो आधी बदलून घ्यावा. आपल्या एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, मात्र ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. म्हणजे कोल्हापूरहून धारवाडच्या गाडीत बसलात, तर कागलच्या पुढे हद्द संपेपर्यंत अर्धे आणि कोगनोळीपासून पुढे पूर्ण भाडे पडेल. वाहक हे दोन्ही मिळून एकच रक्कम सांगतो. ती अर्ध्यापेक्षा जास्त का, म्हणून त्याच्याशी वाद घालू नये.